इब्न बाबशादची दोन मांजरे

हिजरी पाचव्या शतकात, म्हणजे इसवी सनाच्या अकराव्या शतकात, मिसरमध्ये अबुल हसन ताहिर इब्न अहमद इब्न बाबशाद नावाचे एक मोठे व्याकरणपंडित होऊन गेले. तो फातिमी खलिफांचा काळ होता. सरकारी पत्रव्यवहाराचा जो विभाग होता, दीवानुल इन्शा, तिथे त्यांची नेमणूक होती. दरबारातून बाहेर जाणारे पत्र आधी त्यांच्या नजरेखालून जाई. भाषेची चूक सापडली की ते दुरुस्त करत आणि मगच पत्र पुढे सरके. या कामाचा त्यांना पगार मिळे. मुलांच्या वह्यांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात आयुष्य चाललेल्या माझ्यासारख्या भाषाशिक्षकाला हा माणूस आपल्याच बिरादरीतला वाटतो.

त्यांच्याबद्दलचा एक प्रसंग इब्न खल्लिकान यांनी आपल्या 'वफयातुल आयान' या प्रसिद्ध चरित्रकोशात नोंदवला आहे. एक दिवस इब्न बाबशाद मशिदीच्या छतावर काही लोकांसोबत जेवत बसले होते. एक मांजर आले. त्यांनी त्याला घास टाकला. मांजराने तो तोंडात धरला आणि निघून गेले. थोड्या वेळाने परत आले. पुन्हा घास, पुन्हा तेच. असे बऱ्याचदा झाले, तेव्हा मंडळींना नवल वाटले. एका मांजराला एवढे अन्न लागते कुठे? ते त्याच्या मागे गेले. मांजर भिंत ओलांडून एका पडक्या जागेत उतरले. तिथे दुसरे एक मांजर बसले होते, आणि ते आंधळे होते. सगळे घास त्याच्यापुढे पडत होते.

इब्न बाबशाद यांनी विचार केला, की या मुक्या जीवाची सोय करणारा अल्लाह मला कसा विसरेल? त्यांनी नोकरी सोडली आणि मशिदीतल्याच एका खोलीत अभ्यास आणि इबादत करत उरलेले आयुष्य काढले. हिजरी ४६९ मध्ये, म्हणजे इसवी सन १०७७ मध्ये, मशिदीच्या छतावरून पडून त्यांचा इंतकाल झाला.

ही गोष्ट तवक्कुलचे, म्हणजे अल्लाहवरच्या भरवशाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ते योग्यच आहे. पण मला या गोष्टीत आणखी दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की हे लोक घास टाकून थांबले नाहीत. मांजराच्या मागे गेले आणि त्याच्या दुनियेत काय चालले आहे ते त्यांनी पाहिले. दुसरी गोष्ट म्हणजे एक प्रश्न आहे. डोळस मांजराने आपल्या आंधळ्या सोबत्याला टाकले नाही. मग आपल्या घरांत नेमके उलटे का घडते?

दवाखान्यातून परतलेली बहीण

उलटे म्हणजे काय, ते सांगतो. ज्यांच्या घरी दोन मांजरे आहेत त्यांना हे लगेच कळेल.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या घरी दोन मांजरी होत्या. एकाच वेतातल्या सख्ख्या बहिणी. एकाच टोपलीत झोपायच्या, एकमेकींना चाटायच्या. पावसाळ्यात त्यातली एक रिक्षाखाली आली. मागचा पाय मोडला, टाके पडले. चार दिवस ती जनावरांच्या दवाखान्यात होती. पाचव्या दिवशी गळ्यात प्लास्टिकची कॉलर अडकवून तिला घरी आणले. घरच्यांना वाटले, आता बहिणीला पाहून दुसरी खूश होईल. दुसरीने पाठीची कमान केली, शेपूट फुलवली, फिसकारली आणि जखमी बहिणीच्या अंगावर झेप घेतली.

दोन दिवस हेच चालले. घरात चर्चा सुरू झाली. कुणी म्हणाले, ही पिसाळली. कुणी म्हणाले, हिला हेवा वाटतो. चाचांनी ठरवले, की चांगली मांजर मच्छी मार्केटात सोडून यायची. तिथे खायला भरपूर मिळेल. ती मुलगी मधल्या सुट्टीत माझ्याकडे आली ती रडतच. "सर, जिला लागलं तिला ठेवणार आणि जिला काहीच झालं नाही तिला टाकणार. तिचा काय गुन्हा?"

प्रश्न बिनतोड होता. अशा वेळी फिसकारणाऱ्या मांजरीचा खरोखरच काही गुन्हा नसतो.

नाकाने ओळखणारा प्राणी

माणूस चेहऱ्याने ओळखतो. मांजर डोळे आणि कान वापरते, पण आपले कोण आणि परके कोण, याचा निवाडा ते बराचसा नाकाने करते. त्याच्या गालांत, हनुवटीखाली, कपाळावर, शेपटीच्या मुळाशी आणि पंजांत गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात. मांजर दाराच्या चौकटीला, खाटेच्या पायाला, आपल्या पोटरीला गाल घासते, तेव्हा ते तिथे आपली सही करत असते. एकत्र राहणारी मांजरे एकमेकांना अंग घासतात, चाटतात, बिलगून झोपतात. त्यातून सगळ्यांचा मिळून एक सामाईक वास तयार होतो. तो वास म्हणजे त्या घराचे ओळखपत्र.

मांजराच्या टाळूत वास टिपणारे आणखी एक इंद्रिय असते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लुडविग जेकबसन या डॅनिश शास्त्रज्ञाने प्राण्यांमधल्या या इंद्रियाचे वर्णन केले, म्हणून त्याला त्याचेच नाव मिळाले. मांजर कधी कधी काहीतरी हुंगून तोंड अर्धवट उघडे ठेवते आणि विचित्र चेहरा करते. तेव्हा ते हेच इंद्रिय वापरत असते.

आता दवाखान्यातून आलेल्या मांजरीचा विचार करा. तिच्या अंगाला स्पिरिट, औषधे, बँडेज, रबरी हातमोजे, पिंजरा आणि शेजारच्या पिंजऱ्यातली कुत्री, या सगळ्यांचा वास आहे. सामाईक वास पुसला गेला आहे. गळ्यातल्या कॉलरमुळे चेहरा आणि मिशा नीट दिसत नाहीत. पाय मोडल्यामुळे चाल बदलली आहे. घरातल्या मांजरीच्या दृष्टीने बहिणीच्या जागी एक अनोळखी जनावर शिरले आहे, आणि तेही भीतीचा वास घेऊन. त्यात दुखणे असते. मांजर दुखणे लपवते, पण कुणी जवळ आले की वेदनेने तीच आधी पंजा मारते. अपघात दुसरीच्या डोळ्यांदेखत झाला असेल, तर तो धसका आणि बहिणीचे रूप यांची तिच्या मनात गाठ पडू शकते.

इब्न बाबशादच्या मांजरांचे कोडे मला इथे थोडे उलगडल्यासारखे वाटते. आंधळेपणाने डोळे जातात, वास जात नाही. पडक्या जागेतल्या त्या सोबत्याला कुणी उचलून नेले नव्हते, औषधांनी पुसले नव्हते. तो जिथे होता तिथेच होता आणि त्याचा वास तोच होता.

आपल्याकडे मांजराला दवाखान्यात नेण्याची सोय होऊन फार काळ लोटलेला नाही. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याच्याच आवारात १८८६ मध्ये मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी जखमी मांजर बहुधा घरातल्याच एखाद्या कोपऱ्यात जखम चाटत पडून राही. बरे व्हायचे किंवा मरायचे, पण घरच्या वासातच. आज आपण त्याचा जीव वाचवू शकतो, ही मोठी गोष्ट आहे. पण त्या वाचलेल्या जीवाला पुन्हा त्याच्या घरात मिसळवणे हे नवे काम आपल्या अंगावर आले आहे.

समेटाचा रिवाज नसलेली जमात

माणसे भांडतात आणि मग कुणीतरी मध्ये पडून सुलह घडवते. मुसलमानाने आपल्या भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरू नये, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. माकडांच्या जमातीतही हे दिसते. १९७०च्या दशकात फ्रान्स द वाल या डच अभ्यासकाने चिंपांझींचे निरीक्षण केले, तेव्हा भांडणानंतर ते एकमेकांना मिठी मारतात, चुंबन घेतात, हे त्याला आढळले.

मांजराकडे असा रिवाज फारसा नाही, आणि याचे कारण इतिहासात आहे. आपले पाळीव मांजर 'फेलिस लिबिका' या रानमांजराचे वंशज आहे, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. हे रानमांजर मुख्यतः एकटे फिरते, एकटे शिकार करते. पश्चिम आशियात माणसाने शेती सुरू केली, कणगी भरल्या, उंदीर आले आणि उंदरांमागे हे मांजर आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले. हा शोध २००४ मध्ये जाहीर झाला. म्हणजे दोस्ती जुनी आहे. पण कळपात राहून भांडण मिटवायची गरज ज्याच्या पूर्वजांना पडली नाही, त्याला ते काम येणार कुठून? एकट्या शिकाऱ्याचा उपाय एकच असतो, तो म्हणजे लांब राहणे. आपण मात्र दोघांना दोन खोल्यांच्या घरात ठेवलेले असते. त्यामुळे सुलह आपल्यालाच घडवावी लागते, आणि तीही वासाच्या भाषेत.

इथे एक हदीस मला नेहमी आठवते. हजरत अबू कतादा (रजि.) आपल्या सुनेकडे, कब्शा यांच्याकडे गेले. त्यांनी वुजूसाठी पाणी ठेवले. एक मांजर आले आणि पाणी पिऊ लागले. अबू कतादांनी तिला पिणे सोपे जावे म्हणून भांडे तिरपे केले. सून पाहतच राहिली. तेव्हा त्यांनी सांगितले, की मांजर नापाक नाही, ते तुमच्याभोवती फिरत राहणाऱ्यांपैकी आहे, असे पैगंबर (स.) यांनी म्हटले आहे. अबू दाऊद, तिर्मिजी यांच्या संग्रहांत ही हदीस आहे आणि मांजराच्या उष्ट्या पाण्याबद्दलची फिकहची सगळी चर्चा तिच्याभोवती फिरते. मूळ अरबी शब्द 'तव्वाफीन' असा आहे. तवाफ याच धातूपासून आलेला. भाषाशिक्षक म्हणून मला हा शब्द फार नेमका वाटतो. मांजर घरात नुसते राहत नाही, ते घराला फेऱ्या घालते. प्रत्येक फेरीत गाल घासते, वासाची सही ताजी करते. चार दिवस दवाखान्यात पडलेल्या मांजरीच्या या फेऱ्या थांबलेल्या असतात. तिला घरी आणणे म्हणजे तिचा हा फेरा पुन्हा सुरू करून देणे.

कोंडणे गुनाह आहे का?

मी त्या मुलीला सांगितले, की पहिली गोष्ट, दोघींना वेगळ्या खोल्यांत ठेवा. दुसऱ्या दिवशी ती निरोप घेऊन आली. दादी म्हणाली होती, "बिल्ली को बंद करके रखना गुनाह है, सर को बोल." दादीच्या मनात काय होते ते उघड होते. मांजराला कोंडून उपाशी मारणारी बाई त्यामुळे जहन्नममध्ये गेली, ही हदीस बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे आणि आपल्याकडे ती घरोघरी माहीत आहे. मच्छी मार्केटच्या बेतालाही दादीचाच सर्वांत जास्त विरोध होता. त्यामुळे तिची शंका टाळून चालण्यासारखे नव्हते.

या हदीसमध्ये गुन्हा नीट सांगितलेला आहे. त्या बाईने मांजराला खायलाही दिले नाही आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायला मोकळेही सोडले नाही. दोन्ही वाटा बंद केल्या. कैरोचे थोर हदीसपंडित इब्न हजर अस्कलानी (इंतकाल १४४९) यांनी बुखारीच्या आपल्या शरहमध्ये, 'फतहुल बारी'मध्ये, कुर्तुबी यांच्या हवाल्याने हा मुद्दा नोंदवला आहे, की खाण्यापिण्याची हेळसांड होत नसेल तर मांजर पाळणे आणि बांधून ठेवणे या हदीसवरून जायज ठरते. मी दादीसाठी हे चिठ्ठीवर उर्दूत लिहून दिले. तिने ती चिठ्ठी घरातल्या सर्वांना वाचून दाखवली आणि आतली खोली मांजरीसाठी मोकळी झाली.

आपल्याकडे मांजरांबद्दल एक गोष्ट फार फिरते. पैगंबरांच्या अंगरख्याच्या बाहीवर मुइज्जा नावाचे मांजर झोपले होते आणि त्यांनी ते न उठवता बाहीच कापली, अशी ती गोष्ट आहे. ऐकायला गोड आहे, पण हदीसच्या प्रमाण संग्रहांत ती नाही. अबू कतादांनी तिरपे केलेले भांडे मात्र आहे. आपल्या गरजेचे तेच आहे: त्या जनावराची अडचण काय आहे ते पाहून भांडे नेमके तेवढे कलते करणे.

भांडे कसे कलते करायचे?

हे काम टप्प्याटप्प्याने करायचे असते. घाई केली तर मागे जावे लागते.

सुरुवात दुखण्यापासून. डॉक्टरांनी दिलेली वेदनेची औषधे वेळेवर द्या. आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नका. ती त्याच्यासाठी जहर आहे. कॉलर डॉक्टर सांगतील तेव्हाच काढा.

दोघांना वेगळे ठेवा. प्रत्येकीला वेगळे खाणे, वेगळे पाणी, वेगळा वाळूचा ट्रे आणि लपायला जागा. नुसता पडदा पुरत नाही, बंद होणारे दार हवे. घर एका खोलीचे असेल तर नातेवाइकाची खोली किंवा मोठा पिंजरा काही दिवसांसाठी मिळतो का ते पाहा. दवाखान्याचा वास उतरायला दोन-तीन दिवस द्या. जखमी मांजराला आंघोळ घालू नका.

मग वासाची देवाणघेवाण. स्वच्छ सुती फडके एका मांजरीच्या गालावर हलकेच फिरवा आणि ते दुसरीच्या ताटलीपासून थोडे लांब ठेवा. तसेच दुसरीचे पहिलीकडे. फडक्यावर फिसकारली तर फडके आणखी लांब न्या, रागावू नका. ती त्याच्याशेजारी शांतपणे जेवू लागली की एक टप्पा पार पडला. अंथरुणेही अशीच बदला. नंतर दिवसातून थोडा वेळ खोल्यांची अदलाबदल करा. म्हणजे दोघींचे फेरे पुन्हा साऱ्या घरातून होतील आणि सह्या एकमेकींवर पडतील.

त्यानंतर बंद दाराच्या दोन बाजूंना दोघींची ताटली ठेवा. आधी दारापासून लांब, मग रोज थोडी जवळ. पलीकडचा वास आणि आवडते खाणे यांची मनात गाठ बसली पाहिजे. मग दार जरासे उघडून मध्ये जाळी लावा. जाळीतून पाहूनही दोघी जेवत राहिल्या, तर पाच मिनिटांची भेट घडवा. भेटीत खाणे किंवा दोरीचा खेळ असू द्या. रोखून बघणे, कान चपटे होणे, शेपूट आपटणे दिसले तर मध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवून भेट तिथेच थांबवा. हात घालू नका, मारू तर मुळीच नका. मार खाल्लेली मांजर एवढेच शिकते, की ही दुसरी आली की मला मार पडतो.

दोन्ही मांजरी पुन्हा मोकळ्या झाल्यावरही ताटल्या एकमेकींपासून दूर असाव्यात आणि वाळूचे ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त असावा. पुढच्या वेळी दवाखान्यात नेताना घरातली चादर सोबत द्या.

१९९०च्या दशकात पॅट्रिक पाजा या फ्रेंच पशुवैद्याने मांजराच्या गालातल्या गंधाचा अभ्यास केला आणि त्यावरून तयार झालेले कृत्रिम गंध आज बाजारात मिळतात. काही घरांत त्यांचा उपयोग होतो. पण ते महाग असतात आणि सुती फडके प्रत्येक घरात असते.

याला काही दिवस लागतात, कधी आठवडे, क्वचित महिने. त्या मुलीच्या घरी तीन आठवड्यांनी दोघी हातभर अंतरावर जेवू लागल्या. मच्छी मार्केटचा विषय संपला. एका टोपलीत झोपणे मात्र लगेच परतले नाही. दोन वेगळ्या टोपल्या शेजारी शेजारी ठेवाव्या लागल्या. मी तिला म्हणालो, एवढ्यावर शुक्र कर. काही जोड्या पहिल्यासारख्या होत नाहीत, पण शांतपणे शेजारी राहतात.

सुलतानाची बाग

इब्न बाबशाद यांच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांनी, त्याच शहरात, सुलतान जाहिर बैबर्स (राज्यकाल १२६०-१२७७) राज्य करत होता. मंगोलांशी आणि क्रुसेडरांशी लढलेला हा ममलुक सुलतान. कैरोच्या उत्तरेला आपल्या मशिदीजवळची एक बाग त्याने मांजरांच्या नावे वक्फ केली. तिच्या उत्पन्नातून शहरातल्या बेवारस मांजरांना खाणे मिळावे, अशी तरतूद होती. बागेचे नावच 'मांजराची बाग' पडले.

एडवर्ड विल्यम लेन हा इंग्रज अभ्यासक एकोणिसाव्या शतकात कैरोत राहिला. १८३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने या वक्फची पुढची हकीकत दिली आहे. बाग अनेकदा विकली गेली होती, उत्पन्न अगदी किरकोळ उरले होते. तरी काजीने ती जबाबदारी सोडली नव्हती. रोज असर आणि मगरिबच्या दरम्यान काजीच्या कचेरीच्या मोठ्या अंगणात मांजरांसाठी अन्न आणले जाई आणि आसपासची मांजरे तिथे जमत. बैबर्सला जाऊन साडेपाचशे वर्षे झाली होती.

बैबर्सला मांजरांची दया आली असेल तेव्हा त्याने चार घास टाकले असते तरी पुण्य मिळाले असते. त्याने व्यवस्था लावली. दया एका दिवसाची असते. व्यवस्था त्या दिवसानंतरही चालू राहते. इब्न बाबशाद मांजराच्या मागे गेले, अबू कतादांनी भांडे कलते केले, बैबर्सने बाग लावून दिली. पाहणे, जुळवून घेणे आणि नेटाने चालू ठेवणे, ही तिन्ही कामे आपल्या परंपरेत आहेत. घरातल्या दोन मांजरांमध्ये फिसकार सुरू झाला, तर ही तिन्ही लागतात. एकीला मार्केटात सोडून येणे सोपे आहे, अर्ध्या तासात होते. पण जिला सोडून येतो तिने काहीही केलेले नसते. आपली बहीण तिला ओळखू आलेली नसते, एवढेच. ती ओळख परत येईपर्यंत एक दार बंद ठेवणे आणि रोज दोन ताटल्या भरणे, एवढे तर आपल्या ऐपतीत आहे.